भिवरामावशींचं शेळीशास्त्र

भिवरामावशींना रुपये मोजता येत होते, पण रुपयांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या सगळा हिशोब शेळ्यांत करायच्या. पुंडलिकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांचं महिन्याचं भाडं म्हणजे एक शेळी. माझ्या नणंदेनं इराच्या बारशाला पाठवलेली बाबागाडी म्हणजे एक चांगलं पोसलेलं करडू. माझा लॅपटॉप पाच शेळ्यांचा ऐवज होता, त्यामुळे सुरुवातीला त्या त्याच्याकडे जरा आदरानं पाहायच्या. तो आदर फार टिकला नाही.

"पाच शेळ्या," एकदा त्या म्हणाल्या, "अन् दूध कुठंय?"

मी तेव्हा ब्लॉग लिहायचे. पैशांबद्दल, मराठीत. आता सांगताना ते फार ठरवून केल्यासारखं वाटतं, पण तसं काही नव्हतं. इरा होण्याआधी मी एका विमा कंपनीच्या ऑफिसात काउंटरला बसायचे. सहा वर्षं लोकांना फॉर्म समजावून सांगितले. 'इथं सही, इथं नाही' हे वाक्य मी जितक्यांदा म्हटलं असेल तितक्यांदा नवऱ्याचं नावही घेतलं नसेल. मग इरा झाली आणि नोकरी सुटली. संदीप वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्टवर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आईची परभणीला शाळेत नोकरी. ती महिनाभर रजा काढून आली आणि जाताना डिंकाच्या लाडवांचा डबा आणि भिवरामावशी एवढं मागे ठेवून गेली.

लाडू पंधरा दिवसांत संपले. मावशी खरं तर सव्वा महिन्यासाठी ठरवल्या होत्या, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला. त्या इरा शाळेत जायला लागेपर्यंत येत राहिल्या.

उंच, सडसडीत, नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली, आणि हातात काठी. काठी म्हातारपणाची नव्हती, धंद्याची होती. दोन्ही खांद्यांवर आडवी टाकून, तिच्यावर मनगटं लोंबकळत ठेवून त्या चालायच्या, जन्मभर शेळ्यांमागं चाललेलं माणूस चालतं तशा. हर्सूलकडून गुरुवार सोडून रोज सकाळी यायच्या. रस्ता ओलांडताना काठी आडवी धरायच्या आणि तोंडानं एक बारीक आवाज काढायच्या, तर सिटी बससुद्धा थांबायची. मी एकदा म्हटलं, मावशी, ही काही शेळ्या-मेंढरं नाहीत. त्या म्हणाल्या, "व्हय की. शेळीला अक्कल असती."

त्या सगळ्यांना 'माय' म्हणायच्या. मला माय, इराला माय, गॅसच्या सिलिंडरवाल्यालाही माय. फक्त संदीपला कधी हाक मारली नाही. त्याचा उल्लेख 'लेकराचा बाप' असा व्हायचा, तो समोर बसलेला असला तरी.

ते दिवस दुष्काळाचे होते. नळाला पाणी कधी चौथ्या दिवशी यायचं, कधी सहाव्या. बाकी दिवस टँकर. आमच्या गल्लीत एकीकडे बोअर आटत होते आणि दुसरीकडे रिकाम्या प्लॉटवर चार मजली इमारती उठत होत्या, त्यांच्या स्लॅबवर पाणी मारायला वेगळे टँकर यायचे. मावशी इराला एका बादलीत न्हाऊ घालायच्या. पाय पसरून बसायच्या, तिला पायांवर पालथी घालायच्या, आणि तांब्याची धार अशी सोडायच्या की एक थेंब वाया जायचा नाही. खाली परात असायची. परातीतल्या पाण्यानं फरशी पुसली जायची, आणि ते काळं पाणी गॅलरीतल्या तुळशीला मिळायचं. मी साबणाच्या पाण्यानं तुळस मरेल म्हणून कुरकुर केली. तुळस दुष्काळ संपेपर्यंत जगली.

इरा दोन-तीन महिन्यांची झाली आणि मला वेड लागायची पाळी आली. दिवसभर मी कुणाला काही समजावून सांगत नव्हते. ज्याला सहा वर्षं समजावण्याची सवय लागली आहे त्याला हे फार जड जातं. एके दिवशी मी तान्ह्या इराला मुदत विमा आणि बचत विमा यातला फरक सांगताना स्वतःला पकडलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, हीच भीती वाटली. त्याच दुपारी मी संदीपचं डोंगल लावलं आणि ब्लॉग उघडला.

पहिल्या लेखाला अकरा वाचक मिळाले. त्यात सात वेळा संदीपच होता.

लिहायचं कधी, तर इरा झोपेल तेव्हा. आणि इरा झोपायची ती मावशींनी न्हाऊ घातल्यावर, ऊद-धुपानं शेकल्यावर. त्यामुळे मावशी कपडे पिळत असताना माझी लिहायची घाई सुरू व्हायची. एका हातानं टाइप करायला मी तिथंच शिकले, दुसरा हात झोळीला. लॅपटॉपच्या 'क' आणि 'ल' या बटणांमध्ये वरणाचं पाणी गेलेलं होतं, त्यामुळे 'कर्ज' लिहायला फार जोर लावावा लागायचा.

मावशी आठवडाभर बघत होत्या. मग एक दिवस दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय लिव्हायलीस रोज?"

"पैशांबद्दल लिहिते, मावशी. लोकांना समजावं म्हणून."

"कुणाला?"

"कुणालाही. ज्याला वाचायचंय त्याला."

त्या विचारात पडल्या. "म्हंजी वळखीचा नाय अशा माणसाला चिठ्ठी."

"तसंच काहीसं."

"जवाब येतो का?"

"अजून नाही."

"मग वाच बरं मला," म्हणून त्या खाली बसल्या.

मी वाचून दाखवलं. 'आपत्कालीन निधी: काळाची गरज' असं लेखाचं नाव होतं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवावा, तो सहज मोडता येईल अशा ठिकाणी असावा, वगैरे. मी मनातून खूश होते त्या लेखावर. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "यात माणूस कुठंय?"

"म्हणजे?"

"कुणी ठिवायचं, कशापाई ठिवायचं, कुणाचं काय झालं. माणूस नाय तर कोण ऐकंल?" आणि थोड्या वेळानं, पदरानं हात पुसत, "आमच्यात दोन शेळ्या कधी इकत नसत्यात. घर उपाशी असलं तरी नाय. त्या दोन असल्या की बाकीच्या परत व्हत्यात. तेच सांगायलीस ना तू? मग तसं सांग की."

मी तो लेख पुसला आणि दुसरा लिहिला. 'दोन शेळ्या विकायच्या नसतात.' तो इतक्या लोकांनी वाचला की संध्याकाळी संदीपनं कारखान्यातून फोन करून विचारलं, काही गडबड झालीये का. नांदेडहून, बार्शीहून, पुण्याहून लोकांची उत्तरं आली. एका बाईनं लिहिलं होतं की तिनं नवऱ्याला न सांगता दोन शेळ्या ठेवल्या आहेत, पोस्टात.

मी ते मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शहाणी हाय. पर पोस्टात चारा कोण घालतं?"

तिथून पुढे प्रत्येक लेख आधी मावशींपुढे वाचला जायचा. इरा त्यांच्या पायांवर, तेलानं चकचकीत, आणि मी समोर स्टुलावर. आवडलं नाही की त्या इराला म्हणायच्या, "झोप माय, आज काय नाय." इतका स्पष्ट शेरा मी पुढे कुठल्याही संपादकाकडून ऐकला नाही. चक्रवाढ व्याज त्यांना एका वाक्यात समजलं. म्युच्युअल फंड समजला नाही, कारण दुसऱ्याच्या कळपात आपली शेळी सोडून घरी झोपणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढं येईना. मी खूप समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "राखुळी चांगला पायजे, एवढंच ना?" राखुळी म्हणजे गुरं राखणारा. मी म्हटलं, एवढंच. त्यावर लेख झाला.

स्वतःबद्दल त्या फार बोलायच्या नाहीत. मला इतकंच कळलं होतं की हर्सूलच्या पलीकडे त्यांचं गाव, नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही. अठरा शेळ्या होत्या. जिथं चरायला न्यायच्या त्या माळावर प्लॉटची आखणी झाली, रंगीत झेंडे लागले, कमान उभी राहिली. मग दोन वर्षं पाऊस नाही. आता भाचीकडे एका खोलीत राहत होत्या. शेळ्यांचं काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "गेल्या." आणि इराचं नाक चेपून सरळ करायला लागल्या. आमच्या घराण्याचं नाक मुळात बसकं आहे, हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

इरा दहा महिन्यांची असताना तो माणूस आला.

नीट भांग पाडलेला, मिठाईचा खोका घेऊन. त्याच्या कंपनीची शेळीपालनाची योजना होती. लोकांनी शेळीचे पैसे भरायचे, शेळी कंपनीच्या शेडमध्ये राहणार, तिला होणाऱ्या पिल्लांचा वाटा लोकांच्या खात्यात येणार. शहरातल्या माणसाला घरबसल्या शेळी. त्यानं माझे सगळे लेख वाचले होते. "ताई, तुमच्या वाचकांचा शेळीवर विश्वास आहे," तो म्हणाला. "तो तुम्ही तयार केलाय." तीन महिने त्यांच्या योजनेवर लेख लिहायचे. मोबदला त्यानं कागदावर लिहून माझ्याकडे सरकवला.

मावशी कोपऱ्यात इराला तेल लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "किती शेळ्या व्हत्यात?"

मी मनात भाग दिला. "बारा."

"म्हंजी वर्साचं भाडं."

तो माणूस हसला. "आमची एक शेळी वर्षाला हमखास चार पिल्लं देते, आजी."

"हमखास?"

"गॅरंटी आहे."

"शेळीनं दिली का गॅरंटी?"

त्याला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. तो माझ्याकडे बघायला लागला. मावशींनी इराला उलटी केली. "मरत नाय का तुमची एखादी?"

"आमच्याकडे डॉक्टर असतात."

"माणसांकडं बी असत्यात, माय," मावशी म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला, हे कबूल करते. पाण्याअभावी संदीपच्या कारखान्यात एक शिफ्ट बंद झाली होती, ओव्हरटाइम थांबला होता. वर्षाचं भाडं माझ्यासमोर कागदावर पडलं होतं, आणि ते मी कमावलेलं असणार होतं, एका हातानं टाइप करून. तो माणूस गेल्यावर मी दोन दिवसांत लेख लिहून काढला. 'शेळी: आपल्या मातीतली गुंतवणूक.' मग तो लेख पंधरा दिवस तसाच ठेवला. का ठेवला हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मावशींपुढे वाचला नव्हता, हेच कारण असावं.

शेवटी वाचला.  मावशी इराला 'झोप' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "चांगलं लिव्हलंय. तू बघितल्या का त्या शेळ्या?"

"फोटो पाहिलेत."

"फोटूत बोकड बी गाभण दिसतो. जाऊन बघू."

मी त्या माणसाला फोन केला. त्यानं आनंदानं जीप पाठवली. पुढं ड्रायव्हर, मागं मी, मांडीवर इरा, आणि काठी खिडकीबाहेर काढून बसलेल्या मावशी. शहर संपता संपत नव्हतं. जिथं शेतं असायला हवीत तिथं प्लॉटच्या पाट्या होत्या. मग पाट्या संपल्या आणि नुसती भेगाळलेली जमीन सुरू झाली. एका गावाच्या वेशीवर टँकरभोवती घागरींची रांग होती. मावशी बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "इथं बाभळी व्हत्या." तासाभरात तेवढंच बोलल्या.

शेड मोठी होती. पांढरी रंगवलेली, वर पत्रे, दारावर रंगीत फलक. आत शेळ्या, प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला. गॉगल लावलेला एक तरुण मॅनेजर आम्हाला फिरवून दाखवायला लागला. दोनशे शेळ्या आहेत म्हणाला. मी फोटो काढत होते. मावशी शेळ्यांकडे बघतच नव्हत्या. त्या वाकून जमिनीकडे बघत होत्या.

"काही पडलं का, आजी?" मॅनेजरनं विचारलं.

"लेंड्या कुठंयत?"

"काय?"

"दोनशे शेळ्या. लेंड्या कुठंयत?"

"आम्ही स्वच्छता ठेवतो, आजी. खत विकून टाकतो."

"कालच्या इकल्या. आजच्या?"

मॅनेजरनं गॉगल काढला. मावशी शेडच्या मागं गेल्या, तिथं कडब्याच्या थोड्या पेंढ्या होत्या, त्या काठीनं हलवून परत आल्या. "एवढ्यावर वीस शेळ्या चार दिस काढतील," त्या मला म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, जणू मी वरणात मीठ कमी घातलंय. मग त्यांनी एक शेळी धरली. धरली म्हणजे काय, नुसता हात पुढे केला आणि ती येऊन उभी राहिली. मागच्या पायाजवळचे केस बाजूला केले. खाली लाल रंगाचा पट्टा होता, धुऊन पुसट झालेला. बाजारात व्यापारी ओळखीसाठी मारतात तसा.

"ही परवा-तेरवा बाजारात व्हती," मावशी म्हणाल्या. "दाखवायला आणल्यात. उद्या परत जातील."

"आजी, तुम्हाला काय कळतंय यातलं," मॅनेजर म्हणाला.

 मावशी पाण्याच्या हौदाकडे बघत होत्या. तो कोरडा होता. तळाशी पांढरी रेघ उरली होती. शेळ्या त्याच्या कडेला तोंडं लावून उभ्या होत्या.

"पाणी पाज यांना."

"संध्याकाळी टँकर येतो."

"पिंप हाय तिकडं भरल्यालं. ते पाज."

"ते स्टाफसाठी आहे."

मावशी खाली बसल्या. शेडच्या दारात, मांडी घालून, काठी आडवी ठेवून. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मॅनेजरनं कुणाला तरी फोन केला, मी दोनदा म्हटलं, मावशी, चला. त्या म्हणाल्या, "तू जा लेकराला घेऊन. ह्या पिल्या की मी येते." आवाज चढला नाही, कपाळावर आठी नाही. अर्ध्या तासानं मॅनेजरनंच पिंप लोटत आणलं. शेळ्या तुटून पडल्या. मावशी एकेकीला मागं सारून दुसरीला जागा करून देत होत्या, शेवटच्या लंगड्या शेळीनं मान वर करेपर्यंत. मग उठून पदर झटकला आणि जीपमध्ये येऊन बसल्या.

घरी येऊन मी तो लेख पुसला. जे पाहिलं ते लिहिलं, कंपनीचं नाव न घेता. मथळा मावशींचाच होता: 'लेंड्या कुठं आहेत?'

दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. ताई वगैरे काही नाही. कोर्टात खेचू, नवरा कुठं कामाला आहे ते माहीत आहे, असं बरंच.  संदीप म्हणाला, "पुसून टाक. आपल्याला काय करायचंय?" तो भित्रा नाही, पण घरात दहा महिन्यांचं मूल होतं आणि एकच पगार. मी लेख काढून टाकायला बसले, इतक्यात मावशी आल्या. मी सगळं सांगितलं.

"खोटं लिव्हलंस का?"

"नाही."

"मग कशापाई पुसायलीस?"

एवढं बोलून त्या पाणी तापवायला गेल्या. मी लॅपटॉपसमोर तशीच बसले. थोड्या वेळानं संदीप आला, माझ्या खांद्यावरून तो लेख पहिल्यापासून वाचला, आणि डबा घेऊन कामावर गेला. दोन दिवसांनी मला कळलं की त्यानं त्याच्या प्रती काढून कारखान्याच्या कँटीनमध्ये वाटल्या. बजाजनगरात राहणारे त्याचे तीन सोबती बोनसचे पैसे त्या योजनेत घालणार होते. त्यांनी ते थांबवले. चौथ्यानं आदल्याच आठवड्यात भरले होते. दिवाळीआधी त्या कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं. कोर्टाचं काही आलं नाही. तो चौथा सोबती मात्र एकदा आमच्या दारात आला आणि मला म्हणाला, "वहिनी, आठ दिवस आधी लिहिलं असतं तर." त्याला बसा म्हणायचंही मला सुचलं नाही. पंधरा दिवस माझ्या लॅपटॉपमध्ये काय पडून होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

लेख मात्र खूप फिरला. पुढच्या उन्हाळ्यात एका वर्तमानपत्राच्या पुरवणीला माझ्यावर लिहायचं होतं. बाळ, लॅपटॉप आणि मी, असा फोटो हवा होता. मी म्हटलं, फोटोत मावशी पाहिजेत, नाहीतर मला नको. त्यांनी दुपारी फोटोग्राफर पाठवतो म्हणून कळवलं. तो गुरुवार होता. गुरुवारी मावशी आमच्याकडे यायच्या नाहीत. दत्ताचा वार पाळत असतील असं मी धरून चालले होते. इराला कडेवर घेऊन मी रिक्षानं हर्सूलला त्यांच्या भाचीच्या खोलीवर गेले.

"मावशी छावणीत गेली," भाची म्हणाली. "गुरुवारच्या बाजाराला. पाऊस पडो, ऊन पडो, चुकत नाही."

लष्करी छावणीतल्या जनावरांच्या बाजारात त्या दिवशी जनावरं फार होती आणि घेणारे कमी. दुष्काळाच्या वर्षी असंच असतं. धुळीत, दोऱ्यांच्या जाळ्यातून मी वाट काढत गेले. मावशी मला लांबूनच दिसल्या, उंचीमुळे. शेळ्यांच्या एका ओळीतून त्या सावकाश चालत होत्या. एकीच्या कपाळावर बोटं फिरवायच्या, कान बघायच्या, पुढे जायच्या. मी शेजारच्या एका व्यापाऱ्याला विचारलं, या बाई काही विकतात का इथं. तंबाखू मळता मळता तो म्हणाला, "नई जी. इनो हर जुमेरात कू, बजार के दिन, आते. लेते कुच नई, बेचते कुच नई. सिरफ देकते. हम बी कुच बोलते नई."

मी हाक मारली तशा मावशी दचकल्या. मी त्यांना कधी दचकलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडून इराला घेतलं आणि तिच्या चेहऱ्यावरची धूळ पुसत बसल्या, म्हणजे माझ्याकडे बघायला नको.

"काय शोधताय, मावशी?"

 इरा एका शेळीचा कान ओढायला बघत होती. मावशींनी तिची बोटं सोडवून तिला हात फिरवायला शिकवलं, केसांच्या दिशेनं.

"माही काबरी," त्या म्हणाल्या. "अठरातली शेवटची. उजवा कान फाटल्याला. सतरा इकल्या तवा मी घरात बसून ऱ्हायले, भाचीच्या नवऱ्यानं नेल्या. हिला मीच आणली इथवर. चालत. तिला वाटलं चरायला निघालो."

"कुणाला विकली?"

"लातूरकडचा व्हता व्यापारी. पाळायला नेतो म्हणला. पाळायला म्हणला, म्हणून दिली." त्या पुढच्या ओळीकडे बघत होत्या. "जनावर फिरून बाजारात येतं, माय. आज नाय तर उद्या. पाळणाराला अडचण आली की तो बी आणतोच की."

त्या वर्षी बाजारातून जाणाऱ्या शेळ्या कुठं जात होत्या हे मला माहीत होतं. त्यावर मी लेखही लिहिला होता. त्यांनाही माहीत असणारच. 

"सापडली तर घेणार का परत?"

"घेऊन ठिवू कुठं? भाचीच्या खोलीत?" त्या थोडं हसल्या. मग इराला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "घ्यायची नाय. नुसतं बघन. मला वळखती का नाय, तेवढंच."

फोटोग्राफरचा फोन वाजत होता. मी तो बंद करून पिशवीत टाकला. अजून तीन ओळी बाकी होत्या. आम्ही पुढच्या ओळीकडे वळलो, मी डाव्या बाजूच्या शेळ्यांचे कान बघत आणि मावशी उजव्या.